राजीनामा दिला, गाव सोडलं नाही

२० ऑक्टोबर १९७३, शनिवारची दुपार. डार्बीच्या बेसबॉल ग्राउंडवर डार्बी काउंटी आणि लेस्टर सिटी यांचा फुटबॉल सामना सुरू व्हायला थोडाच वेळ होता. तेवढ्यात स्टँडमध्ये एक माणूस येऊन उभा राहिला आणि त्याने लोकांकडे पाहून हात हलवला. सगळं मैदान त्याच्या नावाने दणाणलं. संचालकांच्या खुर्च्यांमध्ये बसलेले क्लबचे अध्यक्ष सॅम लाँग्सन हेही मग उठले आणि त्यांनीही हात हलवला, जणू हा जयघोष त्यांच्यासाठीच चालला होता. तो माणूस, ब्रायन क्लफ, फार वेळ थांबला नाही. संध्याकाळी लंडनला मायकेल पार्किन्सनच्या टीव्ही कार्यक्रमात त्याला बोलावलं होतं. तो निघून गेला, सामना झाला आणि डार्बीने तो २-१ असा जिंकला.

त्या दिवशी मैदानात असलेल्या डार्बीकराची अवस्था कल्पनेत आणून पाहावी. पाच दिवसांपूर्वी क्लफ मॅनेजरपदाचा राजीनामा देऊन बसला होता. कोणी त्याला हाकललं नव्हतं, कागद त्यानेच लिहून दिला होता. तरी राग निघत होता तो संचालकांवर. मैदानाबाहेर ‘क्लफला परत आणा’ अशा घोषणा, फलक, निषेध. आत मात्र आपला संघ खेळतोय. संघ हरला तर क्लफशिवाय या क्लबचं काही खरं नाही हे सिद्ध होणार, आणि जिंकला तर संचालक म्हणणार, बघा, चाललंय की त्याच्यावाचून. अशा वेळी गोल झाल्यावर नाचायचं की नाही? लोक अर्थातच नाचले. पण या पेचातून डार्बीचे चाहते पुढची कित्येक वर्षं सुटले नाहीत.

क्लफ तिथे येण्यापूर्वी डार्बी काय होतं हे थोडक्यात सांगावं लागेल. रेल्वेचे कारखाने आणि रोल्स-रॉईसची विमानइंजिनं यांवर जगणारं हे मध्य इंग्लंडमधलं कामगारांचं गाव. शहराचा दर्जाही त्याला १९७७ पर्यंत नव्हता. मैदान एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगा आणि ओतकामाचा कारखाना यांच्यामध्ये कोंबलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे बेसबॉल खेळवायचा प्रयत्न झाला होता, म्हणून नाव तसं. हिवाळ्यात त्याचा नुसता चिखल होई. क्लबची स्थापना १८८४ सालची, आणि ऐंशीहून अधिक वर्षांत मोठं म्हणावं असं यश एकच, १९४६ चा एफए कप. १९६७ च्या उन्हाळ्यात क्लफ आणि त्याचा जोडीदार पीटर टेलर आले तेव्हा संघ दुसऱ्या विभागात सतराव्या क्रमांकावर होता. पहिल्या हंगामात त्यांनी त्याला अठराव्या क्रमांकावर नेला! पुढच्याच वर्षी दुसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळालं. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, डार्बी इंग्लंडचा विजेता होता.

क्लफ स्वतः एके काळचा अफाट गोल करणारा खेळाडू. मिडल्सब्रो आणि संडरलँडकडून लीगच्या २७४ सामन्यांत त्याने २५१ गोल केले होते. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बरीविरुद्ध गुडघा गेला आणि कारकीर्द तिथेच जवळपास संपली. तिशीत तो मॅनेजर झाला, हार्टलपूलला. खेळाडू हेरायची नजर टेलरची, आणि हेरलेल्याला पटवणं, दमात घेणं, फुलवणं हे क्लफचं काम. रॉय मॅकफार्लंड, जॉन ओ’हेअर, जॉन मॅकगव्हर्न, आर्ची गेमिल, कॉलिन टॉड या सगळ्यांना याच दोघांनी आणलं. पण सर्वांत धाडसी खरेदी डेव्ह मॅकेची. तेहतीस वर्षांचा, दोनदा पाय मोडलेला टॉटनहॅमचा हा स्कॉटिश दादा आता मायदेशी परतून निवृत्तीकडे झुकेल अशी सगळ्यांची समजूत होती. क्लफने १९६८ मध्ये त्याला डार्बीला यायला पटवलं आणि बचावात मागे उभं करून सगळा संघ चालवायला दिला. मॅके हे नाव लक्षात ठेवावं, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९७२ चं विजेतेपद मिळालं तेही वेगळ्याच पद्धतीने. डार्बीचे सामने संपले होते, ५८ गुण खात्यात होते. लीड्स आणि लिव्हरपूल यांचा एकेक सामना बाकी होता आणि दोघांपैकी कोणीही पुढे जाऊ शकत होतं. डार्बीचे खेळाडू टेलरबरोबर मयोर्का बेटावर सुट्टीला गेले होते, क्लफ घरच्यांना घेऊन सिली बेटांवर. लीड्स वुल्व्ह्जकडे हरलं, लिव्हरपूलला आर्सेनलशी बरोबरीच साधता आली, आणि समुद्रकिनाऱ्यावर बसल्या बसल्या ही मंडळी विजेती झाली. एका गुणाच्या फरकाने. आदल्याच वर्षी रोल्स-रॉईस दिवाळखोरीत निघून सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली होती. अशा गावात हा चषक आला, याचा अर्थ फुटबॉलपुरता राहत नाही. क्लफ तिथे नुसता मॅनेजर उरला नव्हता. आपल्या बाजूने मोठ्यांना तोंडावर सुनावणारा, घरातला कर्ता वाटावा असा तो माणूस झाला होता.

आणि सुनावणं हेच पुढे अडचणीचं ठरलं.

लाँग्सन मालट्रकांच्या धंद्यात पैसा केलेले, स्वतःच्या बळावर वर आलेले गृहस्थ. सुरुवातीला क्लफवर त्यांची मुलासारखी माया होती. पण विजेतेपदानंतर क्लफ इंग्लंडच्या घराघरात टीव्हीवर दिसू लागला. वर्तमानपत्रात त्याचा मजकूर येई आणि त्यात कोणाचीही गय नसे. १९७३ च्या एप्रिलमध्ये युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत ट्युरिनला युव्हेंटसने डार्बीला ३-१ हरवलं. सामन्याच्या वेळी युव्हेंटसचा जर्मन खेळाडू हेल्मुट हालर जर्मन पंचांच्या जवळ दिसला, डार्बीच्या मॅकफार्लंड आणि गेमिलला इशारा मिळून ते परतीच्या सामन्याला मुकले. क्लफने इटालियन पत्रकारांना तोंडावर उघडउघड फसवे म्हटलं, तेही शिवी घालून. ऑगस्टमध्ये त्याने लीड्सला दुसऱ्या विभागात ढकलून द्यावं असं वर्तमानपत्रात लिहिलं आणि फुटबॉल असोसिएशनने त्याच्यावर खेळाची बदनामी केल्याचा आरोप ठेवला. संचालकांना न विचारता मोठाले सौदे केल्याच्या तक्रारी आधीपासून होत्याच. लेस्टरच्या डेव्हिड निशसाठी मोजलेले सव्वादोन लाख पौंड हा तेव्हाचा विक्रम होता, आणि अध्यक्षांना ते नंतर कळलं.

चाहत्यांना हे सगळं माहीत होतं. आवडतही होतं. आपल्याकडेही तोंडाने फटकळ पण कामाला चोख अशा माणसाचं लोकांना कौतुकच वाटतं, फक्त त्याने आपल्याला बोलू नये एवढीच अट असते. डार्बीकरांनाही क्लफ अधूनमधून बोलायचा. संघ पुढे असतानाच जयघोष करणाऱ्या आणि मागे पडल्यावर गप्प बसणाऱ्या प्रेक्षकांना त्याने चारचौघांत सुनावलं होतं. प्रेम होतं, पण ते बिनधास्त नव्हतं.

शेवटची ठिणगी ओल्ड ट्रॅफर्डवर पडली. १३ ऑक्टोबरला डार्बीने मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं, गोल केव्हिन हेक्टरचा. सामन्यानंतर लाँग्सन म्हणू लागले की क्लफने युनायटेडच्या बड्या लोकांना उद्देशून बोटांनी असभ्य खूण केली, त्याबद्दल माफी मागावी. क्लफ मागायला तयार नव्हता. त्याच दिवशी जॅक कर्कलंड या संचालकाने टेलरला बोटाने खुणावून बोलावलं आणि क्लबमध्ये तुमचं नेमकं काम काय, असं विचारलं. टीव्ही आणि वर्तमानपत्रं बंद करा, असा तगादा त्याआधीपासूनच चालू होता. दोघांनी १५ तारखेला राजीनामे दिले. राजीनाम्याची भाषा क्लफने याआधीही केली होती आणि दर वेळी समजूत काढली गेली होती. या वेळीही संचालक घाबरतील, लोक पेटून उठतील आणि जाणार तो लाँग्सन, असा त्याचा हिशेब होता असं पुढच्या घटनांवरून दिसतं. लोक पेटले. संचालकांनी मात्र १६ तारखेला दोन्ही राजीनामे स्वीकारून टाकले.

पुढच्या संध्याकाळी, १७ ऑक्टोबरला, वेम्ब्लीवर इंग्लंड विरुद्ध पोलंड. विश्वचषकाला जायचं तर इंग्लंडला जिंकणं भाग होतं. मैदानात डार्बीचा मॅकफार्लंड, राखीव खेळाडूंत डार्बीचा हेक्टर, आणि टीव्हीच्या स्टुडिओत दोन दिवसांचा बेकार क्लफ. पोलंडचा गोलरक्षक टोमाशेव्हस्की याला त्याने विदूषक म्हटलं. त्या विदूषकाने इंग्लंडला रात्रभर झुलवलं, अखेरच्या दोन-तीन मिनिटांत आलेल्या हेक्टरचा हेडर रेषेवरून परतवला गेला, सामना १-१ सुटला आणि इंग्लंड विश्वचषकाबाहेर. क्लफच्या त्या एका शब्दाची इंग्लंडमध्ये अजून आठवण काढतात. डार्बीत त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्यांना मात्र वेगळंच दिसलं असणार. आपला माणूस देशापुढे बोलतोय, आणि आता तो आपला नाही.

त्यानंतरचे दिवस विलक्षण होते. पहिल्या संघाच्या खेळाडूंनी क्लफ-टेलरना परत घ्या, असं संचालकांना लेखी कळवलं. नाटककार डॉन शॉ याच्या पुढाकाराने चाहत्यांची ‘डार्बी काउंटी प्रोटेस्ट मूव्हमेंट’ उभी राहिली, सभा झाल्या, मोर्चे निघाले. एखाद्या कारखान्यातल्या बडतर्फ कामगारासाठी व्हावी तशी ही चळवळ होती, आणि गाव कारखान्यांचं असल्यामुळे तिची रीतभात लोकांना शिकवायला लागली नाही. फरक एवढाच की हा कामगार स्वतःहून काम सोडून गेला होता. चळवळीत कितीही उसळ असली तरी ही अडचण आतून पोखरत राहिली. संचालकांना नुसतं सांगता येत होतं, आम्ही कुठे काढलं?

आणि मग संचालकांनी असा एक डाव टाकला की तो डाव म्हणून दाद द्यावी. २३ ऑक्टोबरला त्यांनी नवा मॅनेजर जाहीर केला, डेव्ह मॅके. मॅके तेव्हा शेजारच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचा मॅनेजर होता. क्लफच्या जागी बसणाऱ्या कोणालाही डार्बीच्या लोकांनी शिव्या घातल्या असत्या. पण मॅके? त्यानेच चिखलात उभं राहून क्लबला वर आणलेलं, १९६९ मध्ये देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याचा गौरव झालेला (मँचेस्टर सिटीच्या टोनी बुकबरोबर विभागून). त्याच्यावर ओरडायचं म्हणजे आपल्याच आठवणींवर ओरडायचं. खेळाडूंचंही तेच. त्यातल्या कित्येकांचा तो कप्तान होता. तरीही सुरुवातीच्या आठवड्यांत विजय मिळेना, आणि नोव्हेंबरमध्ये खेळाडूंनी संपाची भाषा केली. मॅके बधला नाही. तो बाणेदार माणूस. कोणाला लाडीगोडी लावणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

दरम्यान क्लफ १ नोव्हेंबरला ब्रायटनला रुजू झाला होता, तिसऱ्या विभागात. डार्बीच्या चळवळीची तिथेच हवा गेली. ज्याच्यासाठी लोक पावसात उभे होते त्याने दुसरी नोकरी धरली होती. शिवाय तिथे त्याचे हालच झाले. एफए कपमध्ये हौशी वॉल्टन अँड हर्शमने घरच्या मैदानावर चार गोल घातले, तीनच दिवसांनी ब्रिस्टल रोव्हर्सने आठ. या बातम्या वाचताना डार्बीत नेमकं काय वाटलं असेल? मला वाटतं, थोडं वाईट आणि थोडं बरं. आम्हाला सोडून गेलास ना, भोग आता, असं म्हणताना जीभ चावायची, त्यातला प्रकार.

लीड्समधले ४४ दिवस जगाला माहीत आहेत. त्यांच्यावर डेव्हिड पीसची कादंबरी आली आणि चित्रपटही निघाला. डार्बीच्या बाजूने त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची. ज्या लीड्सला दुसऱ्या विभागात पाठवा म्हणून त्याने लिहिलं होतं, आणि ज्यामुळे डार्बीने त्याच्यासाठी वाईटपणा घेतला, त्याच लीड्सची खुर्ची त्याने १९७४ च्या उन्हाळ्यात आनंदाने घेतली. जाताना डार्बीहून ओ’हेअर आणि मॅकगव्हर्न यांना बोलावून घेतलं. टेलर मात्र ब्रायटनलाच थांबला. सप्टेंबरमध्ये लीड्सने क्लफला काढलं.

आणि १९७५ च्या वसंतात डार्बी पुन्हा इंग्लंडचा विजेता झाला, मॅकेच्या हाताखाली, ५३ गुण मिळवून. ही गोष्ट इतिहासात फारच घाईने उरकली जाते, म्हणून तिच्याजवळ थोडं थांबतो. संघाचा कणा क्लफने घडवलेलाच. मॅकफार्लंड बराच काळ जायबंदी होता, पण टॉड, गेमिल, हेक्टर, निश होते. टॉडला त्या वर्षी सहकारी व्यावसायिक खेळाडूंनी सर्वोत्तम ठरवलं. पण ब्रूस रिऑक आणि मँचेस्टर सिटीने नको म्हणून विकलेला फ्रान्सिस ली हे मॅकेने आणलेले, आणि खेळ क्लफच्या काळापेक्षा अधिक मोकळा, हल्ला करणारा. मग हे विजेतेपद कोणाचं? डार्बीतल्या पबांमध्ये हा वाद आजतागायत मिटलेला नसावा. मॅकेला याचं श्रेय पुरतं कधीच मिळालं नाही, असं माझं मत आहे. जिंकूनही तो दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखा राहिला. पुढच्याच ऑक्टोबरमध्ये त्याच्या संघाने रेआल माद्रिदला बेसबॉल ग्राउंडवर ४-१ असं लोळवलं, चार्ली जॉर्जचे तीन गोल. माद्रिदला जाऊन ५-१ हरले ते वेगळं. वर्षभराने, नोव्हेंबर १९७६ मध्ये, निकाल बिघडताच मॅकेला काढण्यात आलं. त्याच्यासाठी तशी चळवळ उभी राहिली नाही.

क्लफ तेव्हा जानेवारी १९७५ पासून नॉटिंगहॅम फॉरेस्टला होता, डार्बीपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. राहत होता मात्र डार्बीच्या परिसरातच. रोज शेजारच्या गावात कामाला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत विचित्र वाटते ती ही गोष्ट. मॅनेजर गेला की तो दूर जातो, नजरेआड होतो, मग त्याच्यावर रागावणं किंवा त्याला विसरणं दोन्ही सोपं असतं. इथे तो दुकानात भेटत होता, रस्त्यात दिसत होता. मुलं इथल्याच वातावरणात वाढत होती. आणि कमाई सगळी वैऱ्याच्या घरी.

फेब्रुवारी १९७७ मध्ये तर डार्बीने त्याला परत बोलावलं. लाँग्सन आता अध्यक्ष नव्हते, त्यांच्या जागी जॉर्ज हार्डी होते. बोलणी झाली, गावात बातमी पसरली, लोकांनी त्याला आलाच असं धरून चालायला सुरुवात केली. शेवटच्या क्षणी क्लफने नकार दिला. १९७३ मध्ये तो भांडून गेला होता, त्यात संचालकांना दोष देता येत होता. १९७७ मध्ये दार सताड उघडं होतं आणि तो आला नाही. माझ्या मते डार्बीकरांना खरा घाव बसला तो या दुसऱ्या नकाराचा. त्या मे महिन्यात फॉरेस्ट तिसऱ्या क्रमांकावर राहून कसंबसं पहिल्या विभागात चढलं. पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे. १९७८ मध्ये लीगचं विजेतेपद, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप. तो कप दोन्ही वेळा उंचावला जॉन मॅकगव्हर्नने. गेमिल, ओ’हेअर हे डार्बीचेच गडी फॉरेस्टच्या लाल सदऱ्यात. आणि १९८० च्या ज्या मेमध्ये फॉरेस्टने माद्रिदला हँबुर्गवर मात केली, त्याच हंगामात डार्बी पहिल्या विभागातून खाली घसरला. १९८४ पर्यंत तिसऱ्यात.

टेलरने मध्ये उलटा प्रवास केला. १९८२ मध्ये तो डार्बीचा मॅनेजर म्हणून परतला आणि जानेवारी १९८३ मध्ये एफए कपमध्ये त्याच्या दुसऱ्या विभागातल्या संघाने क्लफच्या फॉरेस्टला २-० हरवलं. एक गोल गेमिलचा, जो तेव्हा डार्बीत परतला होता. त्याच वर्षी टेलरने क्लफला न सांगता फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन पळवला आणि दोघांचं बोलणं कायमचं तुटलं. १९९० मध्ये टेलर वारला तोवर ते जुळलं नव्हतं.

२० सप्टेंबर २००४ ला क्लफ गेला, डार्बीच्याच रुग्णालयात. स्मरणसभा डार्बीच्या कॅथेड्रलमध्ये व्हायची होती, पण येऊ इच्छिणाऱ्यांची संख्या पाहून ती डार्बी काउंटीच्या नव्या प्राइड पार्क मैदानावर हलवावी लागली. चौदा हजारांवर माणसं आली, डार्बीचे पांढरे-काळे आणि फॉरेस्टचे लाल मफलर एकाच स्टँडमध्ये. एरवी हे दोन रंग पोलिसांशिवाय एकत्र बसत नाहीत. पुढच्या वर्षी डार्बी आणि नॉटिंगहॅमला जोडणाऱ्या ए-५२ रस्त्याला त्याचं नाव देण्यात आलं, आणि २००७ पासून या दोन संघांच्या सामन्याला त्याच्या नावाचा करंडक लावला. २०१० मध्ये प्राइड पार्कबाहेर क्लफ आणि टेलर यांचा जोडपुतळा उभा राहिला. दोघांना एकत्र उभं केलं ते डार्बीने.

त्याआधी, जानेवारी २००९ मध्ये, डार्बीने क्लफचा मुलगा नायजेल याला मॅनेजर नेमलं. हा नायजेल फॉरेस्टकडून शंभरावर गोल केलेला, त्यांच्या गळ्यातला ताईत. तरी डार्बीकरांनी त्याला वडिलांच्या नावाने आपलं म्हटलं, साडेचार वर्षांहून अधिक काळ निभावूनही घेतलं. २८ सप्टेंबर २०१३ ला फॉरेस्टच्या मैदानावर डार्बी १-० हरला आणि त्याच संध्याकाळी क्लबने नायजेलला काढून टाकलं. दोन दिवसांत स्टीव्ह मॅक्लॅरन आला, आणि त्या हंगामात संघ वेम्ब्लीच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यापर्यंत गेला.